बॅरिस्टर बाबासाहेब आणि आपले वकीलपत्र

पिपरी मेघे परिसरात काम करताना आमच्याकडे जमिनीच्या, वारसाहक्काच्या, घराच्या दाव्यांचे कागद घेऊन माणसे येतात. वकिलाचे नाव सांगतात. पण वकीलपत्रात काय लिहिले आहे विचारले की गप्प होतात. अनेकांनी कोऱ्या छापील कागदावर सही केलेली असते. अशा वेळी आम्हाला बाबासाहेबांचे वकिलीचे आयुष्य आठवते.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकून लंडनला गेले आणि 1922 मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. 1923 मध्ये मुंबईत परतले तेव्हा सनद घेण्यापुरतेही पैसे नव्हते. मित्र नवल भथेना मदतीला धावले. अस्पृश्य बॅरिस्टरकडे मोठी कामे कोण देणार? सुरुवातीला येणारे बहुतेक पक्षकार गरीबच होते. पुढे 1926 मध्ये ‘देशाचे दुश्मन’ पुस्तिकेच्या खटल्यात त्यांनी जेधे-जवळकरांची बाजू अपिलात मांडली आणि आरोपी सुटले. 1934 मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील अश्लीलतेच्या खटल्यात ते उभे राहिले. समाज विरोधात होता, निकालही विरोधात गेला. तरी त्यांनी अशिलाची बाजू सोडली नाही.

सर्वांत मोठा धडा मात्र दिवाणी दाव्याचा आहे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सवर्णांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडच्या न्यायालयात दावा लावला. त्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला, म्हणून दुसऱ्या परिषदेत तळ्यावरचा सत्याग्रह पुढे ढकलावा लागला. मग सुरू झाल्या तारखा. खालचे न्यायालय, ठाण्याचे जिल्हा न्यायालय आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालय. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले, कारण अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकाळापासून असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही. तळ्यावरच्या एका दिवसाच्या कृतीसाठी न्यायालयात जवळपास दहा वर्षे टिकून राहावे लागले.

दहा वर्षे टिकायचे तर आपला वकील दाव्यात कसा येतो आणि कसा जातो, हे माहीत हवे. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधील आदेश 3, नियम 4 नुसार आपल्या वतीने काम चालवणाऱ्या वकिलाची नेमणूक लेखी हवी. त्यावर पक्षकाराची किंवा त्याच्या अधिकृत माणसाची सही हवी आणि ते वकीलपत्र न्यायालयात दाखल व्हायला हवे. ते एकदा दाखल झाले की नुसते तोंडी ‘सोडले’ म्हणून संपत नाही. पक्षकार किंवा वकील यांपैकी जो संबंध संपवतो, त्याने सही करून लेखी द्यावे लागते आणि न्यायालयाची परवानगी लागते. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा पक्षकारापुरते कामकाज संपले, तरच ते आपोआप संपते.

वकील बदलताना जुन्या वकिलाचा ‘हरकत नाही’ शेरा घेण्याची रीत आहे. तो मिळत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करता येतो. सोडून जाणाऱ्या वकिलाकडे पुरेसे कारण हवे, त्याने पक्षकाराला वाजवी आगाऊ सूचना द्यावी आणि न कमावलेली फी परत करावी, असे बार कौन्सिलचे नियम सांगतात. फी थकली म्हणून त्याला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केले आहे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतल्या दाव्यांची यादी करावी. प्रत्येकाकडे दावा क्रमांक, पुढची तारीख आणि वकीलपत्राची प्रत आहे का, ते पाहावे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि महिलांना, उत्पन्न कितीही असो, 1987 च्या कायद्याने मोफत विधी सहाय्य मागता येते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

6 डिसेंबरला अभिवादन करताना आम्ही यंदा ही यादीही सोबत ठेवणार आहोत. जयभीम!