१९१३ साली उन्हावर पंप चालवून शेतीला पाणी देणारा फ्रँक शुमन!

शेतातला सौर पंप म्हणजे अगदी अलीकडची गोष्ट, असं अनेकांना वाटतं. पण १९१३ साली इजिप्तमध्ये नाईल नदीचं पाणी उन्हाच्या जोरावर उपसून कापसाच्या शेतात सोडलं जात होतं. ही किमया करणारा माणूस होता अमेरिकेचा फ्रँक शुमन.

१८६२ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या शुमनने आधी नाव कमावलं ते काचेमुळे. आत तारेची जाळी असलेली, फुटली तरी न विखुरणारी काच त्याने बनवली. त्यातून हाती पैसा आला आणि तो उन्हावर इंजिन चालवण्याच्या मागे लागला.

ही कल्पना त्याच्या आधीही काहींना सुचली होती. १८७८ च्या सुमारास आपल्या मुंबईतच विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने आरशांनी ऊन एकवटून वाफेचा पंप चालवला होता. पण ते सगळं प्रयोगापुरतंच राहिलं. शुमनला मात्र कोळशाशी टक्कर देईल असं यंत्र हवं होतं.

मग इजिप्तच का? तिथे ऊन भरपूर, नाईलचं पाणी हाताशी, पण कोळसा मात्र बोटीने बाहेरून आणावा लागे. तो परवडत नसलेला शेतकरी बैलांच्या रहाटावर किंवा स्वतःच्या हातांनी पाणी ओढत असे.

कैरोजवळच्या मादी गावात शुमनने आरसे लावलेल्या पाच मोठ्या पन्हळी उभारल्या. प्रत्येकीची लांबी सुमारे ६२ मीटर! सूर्य सरकेल तशा त्या कलत आणि सगळं ऊन मधल्या बॉयलरवर पाडत. त्या वाफेवर इंजिन चाले आणि इंजिनावर पंप.

पहिला प्रयत्न फसला. जस्ताचे बॉयलर उष्णतेने वितळू लागले. शुमनने ते काढून लोखंडाचे बसवले. त्यानंतर हा पंप मिनिटाला सुमारे २२,००० लिटर पाणी उपसू लागला.

इजिप्तचा कारभार तेव्हा लॉर्ड किचनरच्या हाती होता, म्हणजे भारतात ब्रिटिश सेनेचा सरसेनापती राहिलेला तोच किचनर. त्याने सुदानमध्ये असाच प्रकल्प उभारण्यासाठी शुमनला ३०,००० एकर जमीन देऊ केली. जर्मनीनेही २ लाख मार्क देण्याची तयारी दाखवली.

आणि १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. मादीचे इंजिनीअर आपापल्या देशांच्या कामाला परतले आणि यंत्राचे भाग मोडीत निघाले. युद्ध संपण्याआधीच, १९१८ साली शुमनचं निधन झालं. पुढे स्वस्त तेलाचा जमाना आला आणि उन्हावरच्या इंजिनाची कुणाला गरजच उरली नाही.

म्हणजे शुमनचं यंत्र हरलं नव्हतं, त्याची वेळ चुकली होती. २०१३ मध्ये, मादीच्या पंपानंतर बरोबर १०० वर्षांनी, राजस्थानच्या जैसलमेर जिल्ह्यात ५० मेगावॅटचा वीज प्रकल्प सुरू झाला. तिथेही ऊन एकवटतात त्या आरशांच्या पन्हळीच!

आज आपल्या शिवारातले सौर पंप पॅनलवर चालतात, त्यांचं तंत्र वेगळं आहे. पण ज्याला इंधन परवडत नाही, त्याच्या शेतात उन्हाने पाणी खेळवायचं, हे काम मात्र शुमनने हाती घेतलं होतं तेच.