जे मायनर : अल्प साधनांचा कुशल कारभारी

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले, म्हणजे आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील संत्र्यांचा बागाईतदार कोणत्या ओळीस किती वेळ पाणी द्यावयाचे याचा हिशेब बांधतो. त्या हिशेबावरच बाग जगते. घरगुती संगणकाच्या बाल्यावस्थेत स्मृतीच्या बाबतीत अशीच टंचाई होती. त्या टंचाईतून वाट काढणाऱ्या एका अभियंत्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

जे मायनर यांचा जन्म ३१ मे १९३२ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, प्रेस्कॉट या गावी झाला. शालेय शिक्षण संपल्यावर ते तटरक्षक दलात दाखल झाले व तेथेच त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे पहिले धडे घेतले. पुढे बर्कले येथील विद्यापीठात त्यांनी अभियांत्रिकीची पदवी संपादन केली.

अटारी या कंपनीत असताना त्यांनी १९७७ साली बाजारात आलेल्या खेळयंत्राची चित्र काढणारी चकती, म्हणजे चिप, सिद्ध करण्यात प्रमुख वाटा उचलला. त्या यंत्राची स्मृती अवघी १२८ बाइटांची होती. पडद्यावर मात्र आडवे १६० व उभे १९२, म्हणजे ३०,७२० ठिपके! प्रत्येक ठिपक्यासाठी स्मृतीचा लहानात लहान अंश राखून ठेवला, तरी ३,८४० बाइट लागले असते. म्हणजे होती त्याच्या तीसपट. म्हणून संपूर्ण चित्र साठविण्याचा विचारच सोडून देण्यात आला. पडद्यावर किरण एकेक ओळ रेखीत जाई आणि त्याच क्षणी त्या ओळीपुरता मजकूर चिपला पुरविला जाई.

याहून समर्थ संगणक घडवावा, ही मायनर यांची आकांक्षा अटारीत पूर्ण होईना. तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या एका लहानशा कंपनीत त्यांनी ‘अमिगा’ संगणकाचे काम आरंभिले. मिची नावाची त्यांची कुत्री रोज त्यांच्याबरोबर कचेरीत येत असे. पैशाची चणचण तर पाचवीलाच पुजलेली. १९८४ साली अटारीकडूनच ५ लक्ष डॉलर उसने घ्यावे लागले व कंपनी हातची जाण्याची वेळ आली. अखेर त्याच वर्षी कमोडोर कंपनीने ती विकत घेतली आणि २३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्क येथे अमिगाचे प्रकाशन झाले.

या संगणकाची मूळ स्मृती २५६ किलोबाइट होती. ६४० गुणिले २०० ठिपक्यांच्या पडद्यावर चार रंग हवे असल्यास ३२,००० बाइट व सोळा रंग हवे असल्यास ६४,००० बाइट खर्ची पडत. म्हणजे सोळा रंगांसाठी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या चित्रानेच खाल्ला. शिवाय त्या स्मृतीकडे जाणारी वाट चित्राला व मुख्य गणकाला मिळून एकच होती. मेलगाडी यावयाची असली, म्हणजे मालगाडीस बाजूच्या रुळावर थांबवितात. तद्वत् येथे चित्राला अग्रमान असे. असे सोळा रंग घेतले, की ओळ रेखली जात असताना गणकाला त्या वाटेवर शिरकावच मिळत नसे व काम मंदावे. रंग हवेत की वेग, हे वापरणाऱ्यालाच ठरवावे लागे.

दुसरा प्रश्न खिडक्यांचा. एका वहीवर दुसरी ठेवून उचलली, तरी खालच्या वहीतील अक्षरे कायम राहतात. पडद्यावर मात्र वरची खिडकी सरकली, की खाली रिकामी जागा उरते. अमिगात त्यावर दोन मुख्य उपाय होते. झाकला जाणारा भाग स्मृतीत जपून ठेवावयाचा. यात खिडकी चटकन पूर्ववत होई, पण स्मृती खर्च होई. किंवा काहीच न जपता तो भाग कार्यक्रमाकडून पुन्हा काढवून घ्यावयाचा. यात स्मृती वाचे, पण वेळ जाई. चित्राचे तुकडे इकडून तिकडे वेगाने हलविण्यासाठी या संगणकाच्या चिपमध्ये निराळी योजनाच केलेली होती. त्यामुळे गणकाचा पुष्कळसा भार हलका झाला.

या कर्तृत्वामागे शरीराची साथ मात्र नव्हती. मूत्रपिंडाच्या विकाराने मायनर यांना दीर्घकाळ ग्रासले होते. त्यांच्या भगिनीने आपले एक मूत्रपिंड देऊन त्यांना आयुष्याची आणखी काही वर्षे मिळवून दिली. त्या उत्तरकाळात ते हृदयाची बिघडलेली गती सावरणाऱ्या, शरीरात बसवावयाच्या यंत्रांच्या कामी गुंतले होते. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोर कंपनी बुडाली आणि दोन महिने पुरे होण्यापूर्वीच, २० जून १९९४ रोजी, मायनर निवर्तले.

पहिल्या अमिगाच्या झाकणाच्या आतील बाजूस ते घडविणाऱ्यांच्या सह्या कोरलेल्या आहेत व त्यांत मिचीच्या पंजाचा ठसाही आहे. आपल्या श्रमांचे श्रेय सोबत्यांसह वाटून घेणारा हा पुरुष होता. विद्यार्थिमित्रहो, आज आपल्या घरातील साध्या फोनमध्येही त्या अमिगाच्या हजारो पट स्मृती असते. परंतु हाती असलेले मोजून, वाटून व जपून वापरण्याची जी विद्या मायनर यांनी आचरली, ती कोणत्याही यंत्रात आयती मिळत नाही. ती ज्याची त्यालाच कमवावी लागते.