नगरवैद्य पॅट्रिक गेडिस

कोल्हापूर शहर वाढत वाढत आपल्या गडमुडशिंगीकडे सरकत आहे, आणि उद्या रस्ता कोणाच्या अंगणातून जाईल ही चर्चा धर्मग्रामातील घरी आम्ही वारंवार ऐकतो. म्हणून या महोत्सवी पुस्तिकेत एका नगररचनाकाराचे चरित्र देणे आम्हांस उचित वाटले.

पॅट्रिक गेडिस ह्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडातील बॅलेटर गावी झाला. मूळचे ते वनस्पतिशास्त्रज्ञ. डंडी येथे १८८८ पासून सुमारे तीस वर्षे त्यांनी तो विषय शिकविला. विवाहानंतर पत्नी ॲना हिच्यासह ते एडिंबरोतील दाटीच्या जुन्या वस्तीत मुद्दाम राहावयास गेले, व तेथील घरे पाडण्याऐवजी दुरुस्त करू लागले.

१९१४ साली त्यांस भारतातून बोलावणे आले. त्यांच्या प्रदर्शनाचे नकाशे व चित्रे घेऊन निघालेले जहाज एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले; तरी नवे साहित्य जमवून १९१५ साली मद्रासेत प्रदर्शन भरलेच. पुढे अनेक नगरपालिका व संस्थाने त्यांचा सल्ला घेऊ लागली. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढावा, हा अभियंत्यांचा शिरस्ता. गेडिस मात्र आधी गल्लीबोळ पायी हिंडत, आणि मोडकी चार घरे तेवढी काढून चौक मोकळा करीत. उठविलेला गरीब दुसरीकडे अधिकच दाटी करतो, हे त्यांनी नगरपालिकांस दाखवून दिले.

१९१७ साली त्यांचा पुत्र ॲलास्डेअर फ्रान्सात रणांगणी पडला. ॲना तेव्हा भारतात विषमज्वराने अंथरुणास खिळलेली; पतीने ती वार्ता तिजपासून लपविली, आणि थोड्याच आठवड्यांत तीही गेली.

त्याच वर्षी ते प्लेगग्रस्त इंदुरात काम करीत होते. जी आळी सर्वांत स्वच्छ होईल तिच्यातून दिवाळीची मिरवणूक जाईल, असे त्यांनी जाहीर करविले, आणि लोकांनी घरेदारे झाडून काढली. मिरवणुकीत सफाई कामगार शुभ्र वस्त्रे व हार लेऊन चालले; प्लेगच्या उंदराची भव्य प्रतिमा शेवटी जाळण्यात आली. ज्यांस एरवी कोणी जवळ येऊ देत नसे, त्यांचा तो मान आम्हांस नकाशांहून मोठा वाटतो.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या शिफारशीने विलायतेस गेलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९२४ साली तो विभाग हाती घेतला. प्रकृती ढासळल्याने गेडिस फ्रान्सात माँपेलिये येथे गेले, व १७ एप्रिल १९३२ रोजी तेथेच वारले. त्यांचे पुष्कळ अहवाल दप्तरांतच पडून राहिले.