बार्बरबाईंची फौज

अकरा महिन्यांचा करार संपत आला की रूम शेअर करून राहणाऱ्या पोरापोरींच्या पोटात गोळा येतो. मालक या वेळी किती वाढवणार? नाही म्हटलं तर डिपॉझिट अडकवणार का? त्यात एजंट सांगतो, बाकी सगळ्यांनी वाढ मान्य केलीय, तुमचीच तेवढी कटकट! शंभर वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या बायका अगदी याच कोंडीत सापडल्या होत्या. त्यांना वाट दाखवली मेरी बार्बर या गृहिणीने.

मेरी यांचा जन्म १८७५ मध्ये किलबार्कन या गावी झाला. वडील गालिचे विणायचे. मेरीही लहान वयातच कारखान्यात कामाला लागल्या. १८९६ मध्ये लग्न झालं आणि पुढे संसार थाटला तो गोव्हनमध्ये. क्लाइड नदीकाठचा हा भाग जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध. तिथली घरं म्हणजे आपल्या चाळींची चुलत भावंडंच. जिना सगळ्यांचा मिळून एक आणि एक-दोन खोल्यांत अख्खं कुटुंब.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. घरोघरचे पुरुष आघाडीवर गेले आणि दुसरीकडे जहाजं, तोफगोळे बनवायला हजारो कामगार शहरात आले. घरं मात्र होती तेवढीच. मालकांनी संधी साधली. काही ठिकाणी भाडं पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढलं. वाढ दिली नाही तर कोर्टाची नोटीस, मग सामान रस्त्यावर.

मेरीबाईंनी स्वयंपाकघरांत आणि इमारतींमागच्या अंगणांत बैठका घ्यायला सुरुवात केली. ठरलं ते साधंच होतं. भाडं बुडवायचं नाही. जुनं भाडं द्यायचं, फक्त वाढ द्यायची नाही. संपात सामील झालेल्या घरांच्या खिडक्यांत तसे कागद झळकले. जिन्याजवळ एकजण घंटा घेऊन पहारा द्यायची. घर रिकामं करायला कोर्टाचा माणूस आला की घंटा वाजायची आणि बायका हातातलं काम टाकून जिना अडवायच्या. त्या माणसावर पिठाचा माराही व्हायचा. या बायकांना पुढे नावच पडलं, मिसेस बार्बरची फौज.

एका एजंटने तर एका बाईला बाकीच्यांनी वाढ भरलीय अशी थाप मारून पैसे उकळले. मेरीबाईंना हे कळलं. त्यांनी गोदीतले कामगार सोबत घेऊन एजंटचं ऑफिस गाठलं आणि पैसे परत करायला लावले. प्रत्येक भाडेकरू एकटा आहे आणि शेजारी काय करतोय हे त्याला माहीत नाही, यावरच एजंटचा सगळा खेळ चालायचा. मेरीबाईंनी नेमकं तेच मोडून काढलं.

नोव्हेंबर १९१५ पर्यंत सुमारे वीस हजार कुटुंबं संपात होती. १७ नोव्हेंबरला काही भाडेकरूंना कोर्टात खेचलं, तेव्हा हजारो बायका आणि कामगार कोर्टाबाहेर जमले. युद्धाच्या ऐन धामधुमीत गोद्या बंद पडणं सरकारला परवडणारं नव्हतं. खटला मागे पडला आणि डिसेंबरमध्ये कायदाच झाला. छोट्या घरांचं भाडं युद्धापूर्वीच्या पातळीवर गोठवलं गेलं. मालकही कर्जाखाली चिरडू नयेत म्हणून त्यांच्या गहाणकर्जाच्या व्याजालाही चाप बसला.

१९२० मध्ये मेरीबाई ग्लासगोच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. तिथे निवडून आलेल्या पहिल्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. मुलांचं दूध, बाळंतिणींचे दवाखाने यासाठी त्या झटल्या. १९५८ मध्ये त्यांचं निधन झालं. २०१८ मध्ये महिला दिनी गोव्हनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला, पाठीमागे त्यांची फौज घेऊन.

त्या ब्रिटिश कायद्यानंतर तीन वर्षांतच, १९१८ मध्ये, मुंबईतही युद्धकाळातला भाडे निर्बंध कायदा आला. आज आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. त्यानुसार भाडेकरार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने ते खोडून काढेपर्यंत. तेव्हा पुढच्या वेळी सही करण्याआधी करार नीट वाचा. आणि हो, शेजारच्या रूमवाल्यांना त्यांचं भाडं खरंच किती वाढलंय, तेही विचारा.