रेचेल कार्सन : न जन्मलेल्यांची कैफियत

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल या गावी २७ मे १९०७ रोजी रेचेल कार्सन यांचा जन्म झाला. लेखिका होण्याच्या ओढीने त्यांनी महाविद्यालयात इंग्रजीचा अभ्यास आरंभिला. परंतु पुढे त्या जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची प्राणिशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेऊन त्या काही वर्षांनी सरकारी मत्स्यविभागात रुजू झाल्या. १९५१ साली निघालेल्या ‘द सी अराउंड अस’ या सागरविषयक ग्रंथाने त्यांना कीर्ती दिली, आणि १९५२ मध्ये नोकरी सोडून त्यांनी लेखनाला वाहून घेतले.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी व त्याच्या जातीची क्लोरीनयुक्त कीटकनाशके शेतांवर, अरण्यांवर सर्रास फवारली जात होती. ही द्रव्ये सहजी विघटित होत नाहीत. ती चरबीत साठतात आणि भक्ष्याकडून भक्षकाकडे जाताना त्यांचे प्रमाण वाढत जाते. मिशिगनमधील एका विद्यापीठाच्या आवारात एल्म वृक्षांवर फवारणी झाली. पानांतून गांडुळांत आणि गांडुळांतून रॉबिन पक्ष्यांत विष उतरले. पुष्कळ पक्षी मेले. वाचलेल्यांची वीण खुंटली. त्यांच्या अंडाशयांत व वृषणांतही डीडीटी सापडले. फ्लॉरिडात गरुडांच्या घरट्यांतील पिल्ले विरळ झाली. प्रयोगातील प्राण्यांमध्ये ही द्रव्ये वार ओलांडून गर्भापर्यंत पोचतात, हेही कार्सन यांनी नोंदविले. विषाचा घाव ते ग्रहण करणाऱ्यापुरताच राहत नाही, तो अजून न जन्मलेल्या जीवावरही पडतो, ही जाणीव त्यांच्या विवेचनाच्या मुळाशी आहे.

१९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाला. वसंत आला तरी पाखरांचा स्वर नाही, या एका कल्पनेभोवती त्यांनी विखुरलेल्या शास्त्रीय अहवालांची गुंफण केली. रसायन उद्योगाने त्यांची भावनाविवश म्हणून संभावना केली. वस्तुतः कीटकनाशकांवर सरसकट बंदीची मागणी त्यांनी केली नव्हती. आक्षेप होता तो अविचारी वापरावर. याच काळात स्तनाच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. विरोधक त्याचा उपयोग ग्रंथाविरुद्ध करतील, म्हणून त्यांनी तो गुप्त ठेवला. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांच्या प्रतिपादनाला बव्हंशी दुजोरा दिला. १४ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीई या द्रव्यामुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होते व ती उबवतानाच फुटतात, हे त्यांच्या मृत्यूनंतर सिद्ध झाले. १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतील डीडीटी बंद केले. २००१ च्या स्टॉकहोम कराराने अशा चिवट रसायनांवर जागतिक निर्बंध घातले. रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरती मात्र डीडीटीला मुभा राहिली. २००७ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचे नाव वगळण्यात आले. त्याच्या घरट्यांत पुन्हा पिल्ले वाढू लागली होती.