काशीनाथुनी नागेश्वरराव

काशीनाथुनी नागेश्वरराव (१ मे, इ.स. १८६७ – ११ एप्रिल, इ.स. १९३८) हे तेलुगू पत्रकार, उद्योजक, ग्रंथप्रकाशक आणि भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील नेते होते. सर्दी, डोकेदुखी व अंगदुखीवर चोळल्या जाणाऱ्या 'अमृतांजन' या बामाचे ते जनक होत. हे औषध आणि 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू वृत्तपत्र या त्यांच्या दोन्ही प्रमुख कार्यांचा आरंभ मुंबईत झाला. औषधाच्या विक्रीतून मिळालेले धन त्यांनी वृत्तपत्र, ग्रंथालये व राष्ट्रकार्य यांसाठी मुक्तहस्ते खर्च केले. त्यामुळे आंध्रात ते 'देशोद्धारक' या उपाधीने ओळखले जातात.

जन्म व शिक्षण

नागेश्वररावांचा जन्म तत्कालीन मद्रास इलाख्यातील कृष्णा जिल्ह्यात झाला. मच्छलीपट्टणम येथे शालेय शिक्षण घेतल्यानंतर ते मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयातून पदवीधर झाले. समाजसुधारक कंदुकुरी वीरेशलिंगम यांच्या लेखनाचा त्यांच्यावर विद्यार्थिदशेतच प्रभाव पडला. सरकारी नोकरीचा रुळलेला मार्ग सोडून ते व्यापाराकडे वळले. कलकत्त्यात काही काळ औषधांच्या व्यवसायात अनुभव घेऊन ते मुंबईस आले आणि 'विल्यम अँड कंपनी' या पेढीत काम करू लागले.

मुंबई आणि अमृतांजन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई हे कापडगिरण्यांचे व गोद्यांचे शहर झाले होते. परळ-लालबागच्या गिरण्या आणि माझगाव-रे रोडच्या किनाऱ्यालगतच्या वखारी यांत दूरदूरच्या प्रांतांतून आलेले लोक राबत होते. त्यांत बांधकामावरील कामाठी व गिरण्यांतील पद्मशाली विणकर असा तेलुगू भाषकांचा वर्गही होता. या शहरात नागेश्वररावांनी इ.स. १८९३ मध्ये अमृतांजनाचे उत्पादन सुरू केले.

आरंभी या बामाची किंमत दहा आणे होती. नव्या औषधाचा परिचय व्हावा म्हणून ते संगीताच्या मैफलींत श्रोत्यांना विनामूल्य वाटत. काचेच्या लहान बाटलीतील हे पिवळे मलम पुढे घरोघरी पोहोचले आणि नागेश्वरराव लक्षाधीश झाले. साधारण त्याच काळात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात लन्सफर्ड रिचर्डसन हे औषधविक्रेते अशाच द्रव्यांचे मलम तयार करीत होते. ते पुढे 'व्हिक्स' या नावाने जगभर पसरले.

बामाचे कार्य

अशा बामांत मुख्यतः मेंथॉल म्हणजे पुदिन्याचे सत्त्व, कापूर आणि निलगिरीचे तेल यांचा उपयोग केला जातो. ही द्रव्ये सामान्य तापमानातही हवेत उडून जातात, म्हणून त्यांना बाष्पनशील म्हणतात. मेणचट आधारद्रव्यात मिसळल्याने ती त्वचेवर टिकतात व हळूहळू दरवळत राहतात. तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगण्याचा महाराष्ट्रातील घरगुती उपाय याच तत्त्वावर आधारलेला आहे. ओव्यातील थायमॉल हे द्रव्यही बाष्पनशील असते.

मेंथॉलमुळे नाकातील थंडावा जाणणारे मज्जातंतू उद्दीपित होतात व श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात नाकातील सूज त्यामुळे उतरत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते व बहुधा काही दिवसांत आपोआप बरी होते. बाम तिचा कालावधी कमी करीत नाही, परंतु रुग्णाला आराम वाटतो व झोप लागण्यास मदत होते. कापूर पोटात गेल्यास विषारी ठरतो. म्हणून असे बाम गिळू नयेत, नाकपुड्यांत अथवा जखमेवर लावू नयेत आणि दोन वर्षांखालील बालकांसाठी वापरू नयेत.

आंध्र पत्रिका

इ.स. १९०७ च्या सुरत काँग्रेसला नागेश्वरराव उपस्थित होते. देशातील चळवळीची वार्ता तेलुगू जनतेपर्यंत तिच्याच भाषेत पोहोचविणारे समर्थ पत्र असावे, ही गरज त्यांना तेथे प्रकर्षाने जाणवली. इ.स. १९०८ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला. राजद्रोहाचा हा खटला वृत्तपत्रातील लेखांवरून चालला होता. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याच शहरात 'आंध्र पत्रिका' साप्ताहिकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली.

इ.स. १९१४ मध्ये पत्रिका मद्रासला हलविण्यात आली व दैनिक झाली. त्यांनी इ.स. १९२४ मध्ये 'भारती' हे साहित्यविषयक मासिक आणि इ.स. १९२६ मध्ये 'आंध्र ग्रंथमाला' ही प्रकाशनसंस्था सुरू केली. या मालेतून अभिजात व आधुनिक तेलुगू ग्रंथ प्रसिद्ध झाले. आंध्रातील ग्रंथालय चळवळीसही त्यांनी मोठे साहाय्य केले.

राजकीय कार्य

तेलुगू भाषकांच्या स्वतंत्र प्रांताच्या मागणीचे नागेश्वरराव हे एक प्रमुख पुरस्कर्ते होते. त्यांनी आंध्र प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्षपद भूषविले आणि मिठाच्या सत्याग्रहात कारावास भोगला. त्यांच्या दातृत्वामुळे महात्मा गांधींनी त्यांना 'विश्वदाता' म्हणून गौरविले. आंध्र विद्यापीठाने त्यांना 'कलाप्रपूर्ण' ही सन्माननीय पदवी दिली. किनारी आंध्र व रायलसीमा येथील नेत्यांमध्ये इ.स. १९३७ मध्ये झालेला 'श्रीबाग करार' हा मद्रासमधील त्यांच्या 'श्रीबाग' या निवासस्थानी झाला. पुढल्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी पुरस्कारिलेले आंध्र राज्य १ ऑक्टोबर, इ.स. १९५३ रोजी अस्तित्वात आले.

वारसा

इ.स. १९३६ मध्ये अमृतांजनाचे सार्वजनिक मर्यादित कंपनीत रूपांतर झाले होते. नागेश्वररावांच्या पश्चात त्यांचे जावई शिवलेंका शंभुप्रसाद यांनी वृत्तपत्राची धुरा वाहिली. चेन्नईतील मैलापूर भागात नागेश्वररावांच्या नावाचे उद्यान आहे.

महाराष्ट्रात त्यांचे नाव फारसे परिचित नसले, तरी त्यांच्या औषधाचे नाव बोरघाटातील एका स्थळाला मिळाले. खंडाळ्याजवळील इ.स. १८३० मधील दगडी पुलावर या बामाची जाहिरात असे. त्यावरून तो 'अमृतांजन पूल' म्हणून ओळखला जाऊ लागला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील वाहतुकीस अडथळा ठरल्याने एप्रिल, इ.स. २०२० मध्ये तो पाडण्यात आला.