विश्लेषण : ‘मॉड्यूल’च्या गणिताला आकार देणाऱ्या एमी नोएदर कोण होत्या?

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एमी नोएदर हे नाव ठाऊक असते ते 1918च्या सिद्धांतामुळे. निसर्गनियमांतील अखंड सममिती आणि ऊर्जेसारख्या अक्षय्य राशी यांचे नाते त्यांनी दाखवले. गणितज्ञांच्या लेखी मात्र त्यांचे याहून मोठे काम बीजगणितात आहे. ते करताना सुमारे 15 वर्षे त्यांना पगारच नव्हता.

पगार का नव्हता?

जर्मनीतील एर्लांगन येथे 23 मार्च 1882 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील मॅक्स नोएदर गणिताचे प्राध्यापक. 1907 मध्ये एमींनी डॉक्टरेट मिळवली, पण स्त्रीला विद्यापीठात नोकरी मिळणे जवळपास अशक्य होते. 1908 ते 1915 त्यांनी एर्लांगनमध्ये फुकट काम केले. नंतर डेव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाईन यांनी त्यांना ग्योटिंगेनला बोलावले. तिथल्या प्राध्यापकांच्या विरोधामुळे त्यांची व्याख्याने हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत. शिकवण्याचा अधिकृत हक्क 1919 मध्ये मिळाला, तुटपुंजे मानधन 1923 मध्ये.

मॉड्यूल म्हणजे नेमके काय?

बाजारातली पिशवी घ्या. 2 किलो आंबे, 3 डझन केळी. समोर दरपत्रक. दरपत्रक कुठल्याही पिशवीची किंमत सांगते. हा झाला पिशव्यांचा ‘ड्युअल’. आता उलटे पाहा. तीच पिशवी प्रत्येक दरपत्रकाला एक आकडा देते. म्हणजे ड्युअलचा ड्युअल घेतला की पुन्हा पिशवीच हाती येते. या गुणाला रिफ्लेक्सिव्हिटी म्हणतात.

साध्या संख्यांऐवजी मॅट्रिक्सच्या बीजगणिताने गुणायचे ठरवले, की पिशवीच्या जागी मॉड्यूल येतो. इथे परतीची खात्री नसते. ज्यांत कर्णाखाली शून्यच असते अशा 2 बाय 2 मॅट्रिक्स घेतल्या, तर त्यांच्या एका छोट्या मॉड्यूलचा ड्युअल चक्क शून्य होतो. शून्यातून मूळ वस्तू परत कशी मिळणार? मर्यादित आकाराचे प्रोजेक्टिव्ह मॉड्यूल मात्र नेहमी परत येतात. कारण ते मूळ बीजगणिताच्याच काही प्रती शेजारी ठेवून, त्यातून सरळ वेगळे काढलेले भाग असतात.

नोएदर यांचा वाटा कोणता?

अशा मर्यादित मितीच्या बीजगणितांना तेव्हा ‘हायपरकॉम्प्लेक्स’ म्हणत. त्यांचा अभ्यास मॅट्रिक्सच्या लांबलचक आकडेमोडीतून चाले. 1929च्या शोधनिबंधात नोएदर यांनी तो सगळा विषय मॉड्यूलच्या भाषेत मांडला. आकडेमोड मागे पडली, रचना पुढे आली. व्हान डर वार्डेन यांच्या 1930-31च्या पाठ्यपुस्तकाला त्यांच्या आणि एमिल आर्टिन यांच्या व्याख्यानांचा आधार होता; त्यातून ही पद्धत जगभर पोहोचली.

1932 मध्ये झुरिकच्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत त्यांचे मुख्य व्याख्यान झाले. पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, नाझी सरकारने ज्यू असल्याने त्यांना विद्यापीठातून काढले. काही काळ त्या घरीच विद्यार्थ्यांना शिकवत राहिल्या. मग अमेरिकेतील ब्रिन मॉर या महिला महाविद्यालयात गेल्या. तिथे जेमतेम दीड वर्ष मिळाले. शस्त्रक्रियेनंतर प्रकृती बिघडून 14 एप्रिल 1935 रोजी, वयाच्या 53व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

‘प्रोजेक्टिव्ह मॉड्यूल’ हे नाव रूढ झाले ते हेन्री कार्टान आणि सॅम्युएल आयलेनबर्ग यांच्या 1956च्या पुस्तकातून. तेव्हा नोएदर यांना जाऊन 21 वर्षे झाली होती.